आंबट बिअर घरच्या घरी: केटल सावर, मिश्र कल्चर आणि रानटी यीस्ट

किण्वक

एल या नेहमीच्या बिअरच्या धाग्यांवर आंबट बिअरचे प्रश्न मध्येच येतात आणि मूळ चर्चेला फाटे फुटतात, म्हणून हा वेगळा धागा. साधी ऑल-ग्रेन (थेट धान्यापासूनची) बिअर जमते, हायड्रोमीटर (द्रवाची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजणारं साधन) वाचता येतो आणि सॅनिटायझेशन अंगवळणी पडलंय असं धरून लिहितोय.

आंबटपणा आणायचे रस्ते दोन. केटल सावरमध्ये लॅक्टोबॅसिलस (लॅक्टो, लॅक्टिक आम्ल करणारा जिवाणू) हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) नसलेल्या वर्टमध्ये (मोड आणलेल्या धान्याच्या, म्हणजे माल्टच्या गोड काढ्यात) सोडायचा, एक-दोन दिवसांत हवा तेवढा आंबट झाला की वर्ट उकळून त्याला मारायचं आणि पुढे नेहमीच्या एल यीस्टने फर्मेंट करायचं. तीन आठवड्यांत बिअर तयार. मिश्र कल्चरमध्ये सॅकरोमायसिस (नेहमीचं यीस्ट), ब्रेट (ब्रेटानोमायसिस, रानटी यीस्ट), लॅक्टो, पेडिओ (पेडिओकोकस, आम्ल करणारा दुसरा जिवाणू) सगळे एकाच भांड्यात जिवंत राहतात आणि आपापल्या वेळेने कामाला लागतात. त्याला वर्ष ते दीड वर्ष धरून चाला. पहिल्यात ताबा आपला, पण चव एकसुरी. दुसऱ्यात याच्या बरोबर उलटं.

केटल सावर, २० लिटर, ओजी (फर्मेंटेशनआधीची ग्रॅव्हिटी) १.०३६ च्या आसपास: पिल्सनर माल्ट २ किलो, गव्हाचं माल्ट १.४ किलो. ६६ अंश सेल्सिअसला तासभर मॅश (दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवणं). वर्ट काढला की १० मिनिटं उकळा, हॉप्स अजिबात नाहीत. धान्यावर आधीच असलेले जिवाणू मारण्यासाठी हा उकाळा आहे. तो गाळलात तर वर्ट नेमकं कोण आंबवतंय हे कळायला मार्ग नाही. मग ३५ अंशांपर्यंत थंड करा आणि ८८ टक्के लॅक्टिक अॅसिड ३-३ मिली घालत, ढवळत, मोजत पीएच ४.५ वर आणा. तेवढ्यावर एंटेरोबॅक्टर आणि मंडळींचं (नको असलेल्या जिवाणूंचं) फावत नाही, आणि फेस धरून ठेवणारी प्रथिनंही लॅक्टोच्या तावडीतून बरीचशी वाचतात. आता लॅक्टोबॅसिलस प्लँटारम (लॅक्टोची एक जात) घाला. भांड्यातली हवा कार्बन डायऑक्साइडने हाकलून द्या. सिलिंडर नसेल तर वर्टच्या पृष्ठभागाला चिकटेल अशी क्लिंग फिल्म पसरा. ३० ते ३७ अंशांना २४ ते ४८ तास. पीएच ३.३-३.४ झाला की नेहमीसारखं उकळा, हॉप्स ५ ते ८ आयबीयूपुरतेच (आयबीयू म्हणजे कडवटपणाचं एकक), थंड करून यीस्ट. एवढ्या आंबट वर्टमध्ये यीस्टची दमछाक होते, त्यामुळे नेहमीच्या दीडपट घाला.

बुडबुडा

धाग्याबद्दल आभार, वाचनखूण साठवली. दोन शंका. लॅक्टो म्हणून औषधाच्या दुकानातल्या प्रोबायोटिक कॅप्सूल चालतील का? आणि पीएचसाठी कागदी पट्ट्यांवर भागेल का?

सूक्ष्मा

कॅप्सूल चालतात, पण पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. फक्त लॅक्टोबॅसिलस प्लँटारम असलेली घ्या. पाच-सहा जातींचं मिश्रण, त्यात बॅसिलस किंवा यीस्ट असलेलं, नको.

हिशोब असा. एका मिलीला निदान १० लाख पेशी हव्यात, १ कोटी असतील तर उत्तम. २० लिटरला १ कोटीच्या दराने २० हजार कोटी पेशी लागतात, म्हणजे १००० कोटींच्या वीस कॅप्सूल. एवढ्या कोण फोडत बसणार? त्यापेक्षा एक लिटर स्टार्टर (पेशी वाढवायचं छोटं वर्ट) करा. १०० ग्रॅम ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट पाण्यात घालून एक लिटर करा, उकळा, ३५ अंशांना आणा, दोन कॅप्सूल आणि २० ग्रॅम खाद्य दर्जाचं कॅल्शियम कार्बोनेट घाला. लॅक्टो स्वतःच केलेल्या आम्लात अडकतो. कार्बोनेट ते आम्ल मारत राहतं, त्यामुळे पेशींची संख्या बरीच वाढते. झाकण सैल ठेवा, नाहीतर वायूचा दाब साठतो. एक-दोन दिवसांनी तळाशी बसलेला पांढरा चुना मागे ठेवून वरचं ओता. स्टर प्लेटवर (चुंबकाने ढवळणाऱ्या यंत्रावर) भोवरा करून ढवळू नका, लॅक्टोला हवेची गरज नाही आणि आपल्याला नको असलेल्यांना आहे.

पट्ट्या विसरा. ३.३ आणि ३.७ मधला फरक जिभेला लगेच कळतो, पण माल्टच्या रंगात भिजलेल्या पट्टीवर तो दिसत नाही. ०.०१ पर्यंत दाखवणारा मीटर घ्या. प्रत्येक बॅचआधी ७.०० आणि ४.०१ बफरने (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाने) कॅलिब्रेट करा. नमुना २५ अंशांपर्यंत थंड करूनच मोजा. मीटरचं 'ऑटो टेम्परेचर' फक्त इलेक्ट्रोडची चूक सुधारतं, गरम वर्टचा पीएच मुळातच वेगळा असतो ते नाही. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्यात ठेवलात तर काही महिन्यांत मरतो. त्याला पोटॅशियम क्लोराइडचं स्टोरेज द्रावणच लागतं.

टायट्रेशनराव

सूक्ष्माताईंच्या सगळ्याला +१, पण माझी नेहमीची पिरपिर इथेही करतो. पीएच म्हणजे आंबटपणा नव्हे. दोन बिअरी पीएच ३.३ वर असतात, एक सौम्य आणि दुसरी दात आंबवणारी. कारण बफरिंग. जास्त ग्रॅव्हिटीच्या, प्रथिनं जास्त असलेल्या वर्टला त्याच पीएचपर्यंत उतरायला जास्त आम्ल लागतं, आणि जिभेला ते एकूण आम्ल लागतं.

मोजणं सोपं आहे. बिअरचा १० मिली नमुना, हलवून-गरम करून वायू पूर्ण काढलेला. त्यात थोडं डिस्टिल्ड पाणी. ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालत पीएच ८.२ येईपर्यंत जा. लागलेले मिली गुणिले ०.०९, म्हणजे १०० मिलीमागे इतके ग्रॅम लॅक्टिक आम्ल. ७ मिली लागलं तर ०.६३ टक्के. ०.३ ला हलकी चुणूक, ०.६ ला स्पष्ट आंबट, ०.९ च्या वर फळं किंवा गोडवा नसेल तर एक ग्लास संपवणं अवघड. वायू नीट काढला नाही तर कार्बॉनिक आम्लही मोजलं जातं आणि आकडा फुगतो. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे.

पिंप

प्रश्न. लॅक्टो घालून ३६ तास झाले, पीएच ३.९ वर अडकलाय. वर फेस आहे आणि ग्रॅव्हिटी १.०३६ वरून १.०२० झाली. लॅक्टो जोरात आहे म्हणायचं का?

सूक्ष्मा

नाही, तुमच्या भांड्यात यीस्ट शिरलंय. लॅक्टो आम्ल करतो तेव्हा ग्रॅव्हिटी जेमतेम दोन-तीन अंक (एक अंक म्हणजे ०.००१) हलते. सोळा अंकांची घसरण आणि फेस हे दारू होत असल्याचं लक्षण. साखर तिकडे गेली म्हणून आम्ल थांबलं. असं झालं की जे झालंय ते फर्मेंट होऊ द्या आणि शेवटी चवीप्रमाणे लॅक्टिक अॅसिड घालून आंबटपणा जुळवा. आता उकळलंत तर अल्कोहोलची वाफ उठेल. उघड्या ज्योतीवर, बंद खोलीत ते करू नका.

ग्रॅव्हिटी जागेवर आणि पीएचही जागेवर असेल तर कारण वेगळं: मृत कल्चर, ४५ अंशांच्या वर वर्टमध्ये टाकलेलं प्लँटारम, किंवा हॉप्स. प्लँटारमला थोडेसे हॉप्सही सोसत नाहीत. ब्रेव्हिस (लॅक्टोची दुसरी जात) जरा खमका आहे, पण त्याच्याही भरवशावर राहू नका.

आणि वास घ्या. उकडलेल्या मक्यासारखा वास बहुधा उकाळ्यात निघून जातो. ओकारीसारखा वास म्हणजे ब्युटिरिक आम्ल. सुरुवातीचा पीएच ४.५ वर आणला नाही, किंवा आंबवायला चुरलेलं धान्य टाकलं की हा वास येऊ शकतो. तो उकळून जात नाही. ब्रेट कालांतराने त्याचं अननसासारख्या वासाच्या एस्टरमध्ये रूपांतर करतं हे खरं, पण केटल सावरमध्ये ब्रेट नसतं. सरळ ओतून द्या.

किण्वक

ज्यांना ही आंबवायची पायरीच नको असेल त्यांच्यासाठी: लॅकॅन्सिया थर्मोटॉलरन्स नावाचं यीस्ट आहे, फिली सावर या नावाने पाकिटात मिळतं. आधी लॅक्टिक आम्ल करतं, मग अल्कोहोल. एकच पिच (यीस्ट एकदाच घालायचं), वेगळा लॅक्टो नाही, हॉप्सचीही फारशी भीती नाही. २५ अंशांच्या आसपास चांगलं चालतं. सोबत दुसरं यीस्ट घालू नका, साखर तेच पळवतं आणि आंबटपणा येत नाही. मला त्याची बिअर स्वच्छ पण जरा सपाट वाटते. ज्याची त्याची आवड.

ओकवाला

आता मिश्र कल्चरकडे वळू, खरी मजा तिथे आहे.

इथे मॅश मुद्दाम गरम: ६९-७० अंश. साधं यीस्ट जे खाऊ शकत नाही ते डेक्स्ट्रिन (लांब साखळ्यांची साखर) मागे राहायला हवं, कारण पुढचे कित्येक महिने ब्रेट आणि पेडिओकोकस त्यावरच जगणार. ओजी १.०४८-१.०५०, धान्यात तिसरा हिस्सा गहू. हॉप्सनेच आंबटपणाला लगाम बसतो: १० आयबीयूच्या आत ठेवलेत तर लॅक्टो लवकर धावतो, १५-२० ला तो बसतो आणि आंबटपणा पुढे पेडिओ हळूहळू आणतो. पहिल्यांदा करणाऱ्याने ८-१० धरावे.

कल्चर विकत घ्या किंवा पाश्चराइझ न केलेल्या आंबट बिअरच्या बाटलीतला गाळ वाढवा. बाटलीत तळाची दोन बोटं बिअर राहू द्या, बाटलीचं तोंड लायटरने शेकवा, गाळ हलवून १५० मिली १.०३० च्या वर्टमध्ये ओता, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी पाण्याची झडप) लावा, आठवड्याने ५०० मिलीपर्यंत वाढवा. बाटली जितकी ताजी आणि कमी अल्कोहोलची तितके जिवाणू जास्त जिवंत. काही ब्रुअरी बाटली भरताना वाईन यीस्ट घालतात. तेवढंच उगवलं तर हाती काही आलं नाही.

कल्चर आणि एल यीस्ट एकदमच घाला. मुख्य फर्मेंटेशन ओसरलं की भांडं गळ्यापर्यंत भरलेलं हवं. काच किंवा स्टील. पातळ प्लास्टिकच्या बादलीतून वर्षभर ऑक्सिजन झिरपतो आणि व्हिनेगर मिळतं. १८-२२ अंश, अंधार, आणि एअरलॉकमधलं पाणी आटलंय का ते दर पंधरवड्याला बघायचं. घरी केलेल्या आंबट बिअरी कल्चर वाईट म्हणून कमी आणि आटलेल्या एअरलॉकमुळे जास्त वाया जातात, असं माझं ठाम मत आहे.

ओक लाकडाची चव हवी असेल तर त्याचे ठोकळे (क्यूब) २० लिटरला ३० ग्रॅम, आधी दोनदा पाण्यात उकळून ते पाणी फेका. नाहीतर वर्षभरात लाकडाशिवाय काही लागत नाही.

बुडबुडा

चौथ्या महिन्यात वर पांढरा पापुद्रा येतो म्हणतात. तो काढायचा का? बुरशी कशी ओळखायची?

ओकवाला

पेलिकल म्हणतात त्याला. काढायचा नाही. टॉर्च तिरपा धरून बघा. पेलिकल ओलसर, राखट-पांढरा, कधी सुरकुतलेला, कधी मोठाले बुडबुडे अडकून फुगलेला. भांडं हलवलं तर सलग हलतो. बुरशीला लव असते. कोरडी, गोल ठिपक्यांनी सुरू होणारी, हिरवी-काळी-निळी. ती दिसली तर भांड्यात हवा भरपूर आहे हे पक्कं. मी तरी ती बॅच ठेवणार नाही.

पेलिकल आला म्हणजे बिअर चांगली होतेय असंही काही नाही. पृष्ठभागाला ऑक्सिजन लागला की तो बनतो, इतकंच. नाही आला तर उत्तम. नमुन्यासाठी दर पंधरा दिवसांनी झाकण उघडणाऱ्यांनी तर हे भिंतीवर लिहून ठेवावं: पहिले चार महिने उघडायचंच नाही, त्यानंतर दोन महिन्यांतून एकदा.

टायट्रेशनराव

चव घेतलीच तर नेलपॉलिश रिमूव्हरचा वास शोधा. तो इथाइल अॅसिटेट. असिटोबॅक्टर किंवा हवा मिळालेलं ब्रेट असिटिक आम्ल करतं, त्याचा हा पुढचा अवतार. थोडा असेल तर दुसऱ्या बॅचमध्ये ब्लेंड करून लपतो, जास्त असेल तर इलाज नाही.

पिंप

सहाव्या महिन्यात बिअर पळीतून ओतली तर तार धरतेय. वास लोण्यासारखा. गेली का?

सूक्ष्मा

गेलेली नाही, 'आजारी' आहे. पेडिओकोकस लांब साखळ्यांची पॉलिसॅकराइड करतो, त्याची ही तार. आणि डायअॅसिटिल करतो, त्याचा लोण्याचा वास. ब्रेट दोन्ही खाऊन टाकतं. दोन-तीन महिने लागतात, कधी जास्त. भांड्यात ब्रेट आहे याची खात्री नसेल तर आत्ता घाला. म्हणूनच पेडिओ कधीही ब्रेटशिवाय वापरू नये. तार असताना बाटली भरायची नाही, आणि ढवळून घालवायचा प्रयत्न करायचा नाही, त्यात फक्त ऑक्सिजन जातो.

रानवेल

हवेतलं किंवा फुला-फळांवरचं यीस्ट पकडण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

एक लिटर पाण्यात ८० ग्रॅम ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे १.०३० च्या जवळ. ५ टक्के अल्फा आम्लाचे (कडवटपणा देणारा घटक) हॉप्स १ ग्रॅम घालून अर्धा तास उकळा. साधारण १० आयबीयू होतात आणि लॅक्टो मागे राहतो. थंड झाल्यावर लॅक्टिक अॅसिडने पीएच ४.५. रुंद तोंडाच्या बरण्यांत १५०-२०० मिली घाला. काही बरण्या उघड्या ठेवा, तोंडाला जाळीदार कापड, रात्रभर, शक्यतो तापमान १५ अंशांच्या खाली असताना. बाकीच्यांत प्रत्येकी एकेक फूल, पाकळी किंवा फळाच्या सालीचा तुकडा. फवारणी केलेलं घेऊ नका. सकाळी कापड काढून एअरलॉक. चार-सहा बरण्या एकदम लावा, कारण निम्म्याहून जास्त फेकायच्याच असतात.

पहिल्या एक-दोन दिवसांत फेस आला तर हुरळून जाऊ नका, तो बहुतेकदा एंटेरोबॅक्टरचा. यीस्टला तीन ते दहा दिवस लागतात. लव दिसली की बरणी बाद. तीन-चार आठवडे झाले, पीएच ४.४ च्या खाली आला आणि ग्रॅव्हिटी उतरली, तरच चव घ्यायची. त्याआधी फक्त वास. सुरुवातीच्या जिवाणूंनी केलेले बायोजेनिक अमाइन पोटात घालण्यासारखे नाहीत.

ग्रॅव्हिटी १.०२५ वर थांबली आणि वास गोडसर-फळांचा असेल तर ते बहुधा हॅन्सेनिआस्पोरासारखं यीस्ट, ज्याला माल्टोज पचत नाही. एकट्याने बिअर करू शकत नाही. १.००८ च्या खाली उतरवणारी बरणी ठेवा, एक लिटरच्या ताज्या वर्टमध्ये वाढवा, फ्रीजमध्ये बसू द्या, वरची बिअर चाखा. तीच तुमच्या कल्चरची चव. शुद्ध वाण हवा असेल तर त्याच वर्टमध्ये लिटरला १५ ग्रॅम अगार घालून पेट्री डिशमध्ये रेघा ओढा आणि सुटी वसाहत उचला.

बुडबुडा

मग लँबिकसारखं (बेल्जियमची, हवेतल्या यीस्टने आंबणारी बिअर) मोठं पातेलं रात्रभर उघडं ठेवलं तर थेटच होईल की!

रानवेल

होईल, पण बरण्यांत चाळणी लावता येते, २० लिटरचं काय करणार? बेल्जियमचे लँबिकवाले साधारण ऑक्टोबर ते एप्रिलच करतात, कारण उन्हाळ्यात हवेत नको ते जास्त. त्यांच्या वर्टमध्ये ३० ते ४० टक्के माल्ट न केलेला गहू असतो, मॅश गढूळ ठेवतात, हॉप्स काही वर्षं जुने, म्हणजे कडवटपणा गेलेला पण जिवाणूरोधक गुण उरलेला. शिवाय त्यांच्या पिंपांच्या लाकडात वर्षानुवर्षांची वस्ती असते. ब्रेट तर हवेतून क्वचितच मिळतं. १९०४ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमधल्या क्लॉसेन यांनी ते पहिल्यांदा मांडलं, तेही इंग्लिश स्टॉक एलच्या (मुरवून ठेवायच्या बिअरच्या) दुय्यम फर्मेंटेशनच्या संदर्भात. करायचंच असेल तर पीएच आधी ४.५ वर आणा आणि सकाळी बाटलीच्या गाळाचं कल्चर जोडीला द्या.

शेवटचा_थेंब

बाटली भरण्याबद्दल. हा भाग घाईने वाचू नका, इथे काच फुटते.

ग्रॅव्हिटीचा ०.००१ चा एक अंक बाटलीत उतरला की साधारण अर्धा व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या निम्मा) कार्बन डायऑक्साइड वाढतो. १.००८ ला 'थांबलेली' मिश्र कल्चरची बिअर भरली आणि ब्रेटने सावकाश १.००२ वर नेली, तर सहा अंक, तीन व्हॉल्यूम. त्यावर तुमची प्रायमिंगची (बाटलीत वायू व्हावा म्हणून घालायची) साखर. साधी बाटली एवढं सोसत नाही. म्हणून निदान दोन महिन्यांच्या अंतराने सारखं रीडिंग हवं, आणि तेही १.००४ किंवा खाली.

साखर: लिटरला ४ ग्रॅमने सुमारे एक व्हॉल्यूम. नुकत्याच संपलेल्या बिअरमध्ये २० अंशांना ०.८५ व्हॉल्यूम आधीच विरघळलेला असतो, पण वर्षभर ठेवलेल्या बिअरमध्ये तो कमी झालेला असतो, मी ०.५ धरतो. २.८ हवे असतील तर २.३ गुणिले ४, म्हणजे लिटरला ९.२ ग्रॅम, २० लिटरला १८४ ग्रॅम. तीनच्या वर जायचं असेल तर शॅम्पेनच्या जाड बाटल्याच.

जुनं यीस्ट अशा आम्लात काम करेलच असं नाही. २ ग्रॅम ईसी-१११८ वाईन यीस्ट कोमट पाण्यात भिजवा, मग त्यात साखर घातलेली तीच बिअर थोडी थोडी घालत तासाभरात सवय लावा आणि बॅचमध्ये मिसळा. थेट टाकलं तर पीएच ३.२ च्या धक्क्याने बरंचसं मरतं.

फळं घालणार असाल तर भरण्याआधी: लिटरला १५० ते ३०० ग्रॅम, फ्रीझरमध्ये गोठवून वितळवलेली, म्हणजे पेशी फुटतात आणि रस सुटतो. पुन्हा फर्मेंटेशन उसळतं, तेव्हा वर जागा सोडा. एक-दोन महिने, आणि ग्रॅव्हिटीचा वरचा नियम पुन्हा पहिल्यापासून.

पिंप

भरून तीन आठवडे झाले. घोट गिळल्यावर घशात भिजलेल्या बिस्किटासारखी, काहीशी उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव येते. वासात मात्र काही नाही.

सूक्ष्मा

टेट्राहायड्रोपायरिडिन, टीएचपी. आम्लात ते उडत नाही म्हणून नाकाला लागत नाही. लाळेने तोंडातला पीएच वाढला की सुटतं, म्हणून गिळल्यावर दहा-पंधरा सेकंदांनी कळतं. तपासायचं असेल तर चमचाभर बिअरमध्ये चिमूटभर खाण्याचा सोडा घालून हुंगा. भरताना ऑक्सिजन लागला की ब्रेट आणि लॅक्टो दोघंही ते करू शकतात. बाटल्या हात न लावता १८-२० अंशांना ठेवा, दोन-तीन महिन्यांनी एक उघडून बघा. बहुतेक वेळा जातं. फ्रीजमध्ये ठेवलंत तर ब्रेट झोपतं आणि ते तसंच राहतं. पुढच्या वेळी सायफनची नळी बाटलीच्या तळापर्यंत न्या, आणि भरण्याआधी बाटलीत कार्बन डायऑक्साइड फिरवा.

ओकवाला

जाता जाता नळ्यांचं. ब्रेट लागलेल्या प्लास्टिकच्या नळ्या, सायफन, रबरी बूच वेगळे ठेवा, लाल टेप लावा. चरे पडलेल्या प्लास्टिकमध्ये बायोफिल्म (सूक्ष्मजीवांचा चिकट थर) बसते आणि सॅनिटायझर तिच्या आत पोचत नाही. काच आणि स्टील गरम अल्कलाइन क्लीनरने घासून मग सॅनिटाइझ केलं तर साध्या बिअरलाही वापरता येतं. पण नळाची तोटी दर वेळी पूर्ण सुटी करा, आतल्या वॉशरमागे गाळ साचतो.

बुडबुडा

केटल सावरलाही वेगळ्या नळ्या?

ओकवाला

उकळल्यानंतरच्या बाजूला नाही, तिथे काही जिवंत नसतं. आंबवताना नमुना काढायची पिपेट आणि स्टार्टरची बरणी तेवढी वेगळी ठेवा.